नॅशनल हरिकेन सेंटरची बुलेटिनं: मार्ग नेमका, जोर मात्र अजून चकवतो

मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची सेवा फुकट आहे. नोंदणी नाही, जाहिरात नाही. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमधल्या प्रत्येक चक्रीवादळाची माहिती दर सहा तासांनी न चुकता मिळते. ह्यूस्टन, टँपा, ऑर्लँडो भागात राहणाऱ्या मराठी घरांत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हे पान उघडंच असतं. निकाल आधीच सांगतो. वादळ कुठे जाणार, यासाठी या सेवेवर डोळे झाकून विसंबावं. ते पोहोचेल तेव्हा किती जोराचं असेल, यासाठी विसंबावं, पण एक श्रेणी वर धरून (हरिकेनचा जोर एक ते पाच श्रेणींत मोजतात). या दोन उत्तरांत फरक का पडतो, ते कळलं की बुलेटिनचा उपयोग दुपटीने होतो.

आधी काय मिळतं ते पाहू. पूर्ण बुलेटिन अमेरिकेच्या पूर्वेकडच्या उन्हाळी वेळेप्रमाणे पहाटे ५, सकाळी ११, दुपारी ५ आणि रात्री ११ वाजता येतं. किनाऱ्यासाठी इशारा लागू झाला की मधल्या वेळेतही छोटं बुलेटिन निघतं. अंदाज १२ तासांपासून १२० तासांपर्यंतचा असतो. बहुतेक लोक फक्त नकाशावरचा पांढरा शंकू, म्हणजे वादळाचं केंद्र कुठून कुठवर जाऊ शकतं ते दाखवणारा पट्टा, बघतात आणि पान बंद करतात. तेवढ्यावर थांबू नये. त्याच पानावर ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा मजकूर असतो. तो अंदाजकाराने स्वतः, नाव घालून लिहिलेला असतो. कुठलं मॉडेल (वादळाचा हिशेब मांडणारी संगणकी प्रणाली) काय म्हणतंय, कोणावर विश्वास ठेवला, कोणाला बाजूला सारलं आणि का, हे चार-पाच परिच्छेदांत येतं. या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. त्यात ‘नेहमीपेक्षा जास्त अनिश्चितता’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं की तीव्रतेचा आकडा पेन्सिलीने लिहिल्यासारखा समजावा.

मार्गाच्या अंदाजात गेल्या तीस वर्षांत झालेली सुधारणा थक्क करणारी आहे. १९९० च्या सुमारास २४ तासांपुढचा अंदाज सरासरी दीड-दोनशे किलोमीटरने चुकायचा. आता ही चूक पन्नासच्या आतबाहेर असते, आणि २०२४ च्या अटलांटिक हंगामात केंद्राने सर्व टप्प्यांवर मार्गाच्या अचूकतेचे स्वतःचेच विक्रम मोडले. तीव्रतेचं तसं झालं नाही. १९९० नंतरची वीसेक वर्षं तीव्रतेतल्या चुकीचा आलेख जवळपास सपाट होता. खरा उतार २०१० नंतर दिसायला लागला.

कारण असं की वादळ कुठे जाणार, हे त्याच्याभोवतीचे हजारो किलोमीटरचे वारे ठरवतात. ते उपग्रहाला दिसतात आणि मॉडेल हवेचे चौकोन पाडून ज्या जाळीवर हिशेब करतं, तिच्यात बसतात. वादळ किती जोर धरणार, हे मात्र डोळ्याभोवतीच्या, म्हणजे वादळाच्या शांत केंद्राभोवतीच्या, उंच ढगांच्या भिंतीतल्या खळबळीवरही अवलंबून असतं. विमानात बसल्यावर ज्याला टर्ब्युलन्स म्हणतात, तीच ही खळबळ. तिथले भोवरे काही दहा मीटरपासून काहीशे मीटरपर्यंतचे. केंद्राचं सध्याचं मुख्य हरिकेन मॉडेल, म्हणजे जून २०२३ मध्ये कामाला लागलेलं ‘हाफ्स’, वादळाबरोबर सरकणाऱ्या सुमारे दोन किलोमीटरच्या जाळीवर चालतं. मोठ्या भोकांच्या जाळ्यातून जवळा निसटावा तसे हे भोवरे त्यातून निसटतात. मॉडेलला ते दिसत नाहीत, पण त्यांचा परिणाम तर हिशेबात धरावाच लागतो. म्हणून तो एका सूत्राने अंदाजाने घातला जातो, आणि त्या सूत्रातला एक आकडा बदलला तरी वादळाची श्रेणी बदलू शकते.

हे कसं घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. हरिकेनच्या तळाशी, समुद्रालगतच्या अर्ध्या ते एक किलोमीटर जाडीच्या थरात, गोल फिरणारा वारा पाण्याला घासून मंदावतो. मंदावला की त्याला बाहेर खेचणारं बल कमी पडतं, आणि केंद्रातला कमी दाब त्याला आत ओढतो. म्हणजे घर्षण वाऱ्याची ऊर्जा खातं, पण त्याच घर्षणामुळे दमट हवा डोळ्याकडे धावते. आत येता येता तिचा वेग वाढतो. इतका, की भिंतीपाशी सुमारे ५०० मीटर उंचीवर वारा दाबाच्या हिशेबापेक्षाही जोरात वाहतो. आता या थरातली खळबळ जास्त धरली, तर आत येणारी हवा जाड थरात पसरते, मंद होते, डोळा मोठा राहतो आणि वादळ सुस्त दिसतं. कमी धरली, तर थर पातळ होतो, आतला ओघ जोरदार होतो, डोळा आक्रसतो आणि वादळ झपाट्याने चढतं.

हे झालं उभ्या दिशेचं. आडव्या दिशेचीही खळबळ असते. ती डोळा आणि भिंत यांच्यातला वेगाचा तीव्र फरक पुसून टाकते. जॉर्ज ब्रायन आणि रिचर्ड रोतुनो या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की साध्या, गोल-सममित मॉडेलमध्ये वादळाची कमाल ताकद या आडव्या मिश्रणाच्या लांबीवर, म्हणजे भोवरे हवा किती अंतरापर्यंत मिसळतात त्यावर, सर्वाधिक अवलंबून असते. पुढे विमानांनी घेतलेल्या मोजमापांतून ही लांबी ५०० मीटर उंचीच्या आसपास साधारण ७५० मीटर निघाली. मग मॉडेलातलं मूल्यही त्या बाजूला आणलं गेलं.

तिसरी गोष्ट समुद्राच्या पृष्ठभागाची. वारा वाढला की लाटा उंच होतात आणि घर्षण वाढतं, असं साधं गणित पूर्वी धरलं जायचं. २००३ मध्ये पॉवेल, विकरी आणि राइनहोल्ड यांनी विमानातून सोडलेल्या उपकरणांच्या नोंदी तपासल्या. सेकंदाला ३०-३३ मीटरच्या पुढे, म्हणजे हरिकेनच्या उंबरठ्यापाशी, घर्षणाचा गुणांक वाढायचा थांबतो. फेस आणि तुषारांचा थर मध्ये येतो. हा शोध महत्त्वाचा, कारण समुद्रातून किती उष्णता मिळते आणि घर्षणात किती ऊर्जा जाते, या दोन गुणांकांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वादळाची कमाल ताकद ठरते, असं हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचं सूत्र सांगतं. घर्षण वाजवीपेक्षा जास्त धरलं तर पाचव्या श्रेणीचं वादळ कागदावर उभंच राहत नाही.

मग हे सगळे आकडे आले कुठून? त्यातला सर्वात महागडा संच १५ सप्टेंबर १९८९ चा आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं पी-३ जातीचं विमान, वैमानिकांच्या बोलीतलं ‘नोआ-४२’, बार्बाडोसच्या पूर्वेला ह्यूगो वादळात जेमतेम ४५० मीटर उंचीवरून शिरलं. वादळ अपेक्षेपेक्षा फार जोरदार निघालं. भिंतीतल्या एका छोट्या, तीव्र भोवऱ्यात विमान सापडलं. गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाच पटीच्या आसपासचा ताण बसला आणि तीन क्रमांकाच्या इंजिनाला आग लागली. डोळ्याच्या आत घिरट्या घालत, इंधन टाकून देत, हळूहळू उंची गाठत ते बाहेर पडलं. भिंतीतली त्यातल्या त्यात मऊ जागा हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने शोधून दिली. तेव्हापासून इतक्या जोरदार वादळात इतक्या खालून शिरणं बंद झालं. म्हणूनच त्या उड्डाणातले वाऱ्याचे झटपट बदल टिपणारे आकडे अमूल्य ठरले. पुन्हा कोणी ते माणूस बसलेल्या विमानातून आणणार नव्हतं.

वीसेक वर्षांनी जून झांग, फ्रँक मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ह्यूगो आणि १९८० च्या ॲलन वादळातल्या त्या नोंदी काढून उभ्या मिश्रणाचा गुणांक मोजला. तेव्हाच्या ‘एचडब्ल्यूआरएफ’ मॉडेलमधला गुणांक मोजलेल्यापेक्षा किमान दुप्पट निघाला. मॉडेल हवा वाजवीपेक्षा जास्त घुसळत होतं. २०१२ च्या हंगामात त्यात ०.५ चा गुणक घालून ही घुसळण निम्म्यावर आणली. आत येणाऱ्या हवेचा थर पातळ झाला, डोळ्याचा आकार खऱ्याच्या जवळ गेला आणि तीव्रतेचा अंदाज सुधारला. आलेखाला २०१० नंतर जो उतार लागला, त्यात बारीक झालेल्या जाळीइतकाच अशा दुरुस्त्यांचाही वाटा आहे. ‘हाफ्स’मध्ये आता खळबळीची ऊर्जाच हिशेबात घेणारी पद्धत आहे, आणि ती अतिसूक्ष्म संगणकी प्रयोगांशी ताडून हरिकेनसाठी दुरुस्त केली आहे.

मग जाळीच बारीक का करत नाहीत, असा प्रश्न साहजिक येतो. रोतुनो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं तेच करून पाहिलं. जाळी १.६७ किलोमीटरवरून १८५ मीटरपर्यंत आणली, तसा सर्वाधिक वारा वाढत गेला. ६२ मीटरवर आणली, तेव्हा भोवरे खरोखर दिसायला लागले आणि एका मिनिटाच्या सरासरीतला वारा उलट कमी झाला. म्हणजे अर्धवट बारीक जाळी भोवरे धड दाखवत नाही आणि धड झाकतही नाही. रोज चार वेळा, वेळेत बुलेटिन काढणाऱ्या केंद्राला ६२ मीटरची चैन सध्या तरी परवडणारी नाही.

सेवेचं अपयश बघायचं तर ऑक्टोबर २०२३ चं ओटिस बघावं. दीड दिवस आधीच्या अंदाजात ते हरिकेनसुद्धा होणार नव्हतं. २५ तारखेच्या पहाटे ते ताशी सुमारे २६० किलोमीटर वाऱ्यासह, पाचव्या श्रेणीचं होऊन मेक्सिकोच्या आकापुल्कोवर आदळलं. ओटिसचा गाभा अगदी छोटा होता. उपग्रहाच्या चित्रात तो ढगांखाली लपला, आणि मॉडेलांना सुरुवातच चुकीच्या, दुबळ्या वादळाने करावी लागली. सुरुवात चुकली की खळबळीचं कितीही चांगलं सूत्र काही करू शकत नाही. एक मात्र केंद्राच्या बाजूने म्हणायला हवं. त्यांनी ही चूक दडवली नाही, नंतरच्या सविस्तर अहवालात तिची चिरफाड केली.

उलट ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळ जमैकाकडे सरकत होतं, तेव्हा केंद्राने झपाट्याने तीव्र होण्याचा इशारा बराच आधी, न कचरता दिला. त्या हंगामात गुगल डीपमाइंडचं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं मॉडेलही अंदाजकारांच्या टेबलावर होतं आणि त्याने चांगली कामगिरी केली. डिस्कशनमध्ये त्याचा उल्लेख दिसला तर नाक मुरडू नये.

आता मोजमापाकडे, कारण बुलेटिनमधला ‘सध्याचा वारा’ हा आकडा नेमका कुठून येतो ते फार थोड्यांना माहीत असतं. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या हवाई तळावरची विमानं जोरदार वादळात साधारण तीन किलोमीटर उंचीवरून आरपार जातात. तिथे मोजलेला वारा भिंतीत ०.९ ने गुणून पृष्ठभागाचा धरला जातो. शिवाय विमानातून ड्रॉपसाँड सोडतात. ही हातभर लांबीची नळी छोट्या पॅराशूटने साडेतीन-चार मिनिटांत समुद्रावर उतरते आणि वाटेत दाब, तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहते. इथेही खळबळ आडवी येते. नळी एखाद्या झोतात सापडली की तिचा आकडा त्या दोन-तीन सेकंदांचा असतो, मिनिटभराच्या सरासरीचा नव्हे. मेलिसात एका ड्रॉपसाँडने पृष्ठभागापासून काहीशे मीटरवर ताशी ४०५ किलोमीटरचा झोत टिपला. बुलेटिनमधला पृष्ठभागावरचा सरासरी वारा होता ताशी २९५. समाजमाध्यमांवर पहिला आकडा फिरला, पण लोकांनी वाचायचा तो दुसरा. म्हणूनच अंदाजकार नळीचा एकच आकडा उचलत नाहीत. खालच्या १५० मीटरची सरासरी घेऊन ती पृष्ठभागावर आणतात. एवढं करूनही विमान आत असताना तीव्रतेत दहाएक नॉट (ताशी अठराएक किलोमीटर) इकडे-तिकडे राहतातच. विमान नसेल तर अनिश्चितता आणखी वाढते. म्हणून बुलेटिनमध्ये विमानाचा उल्लेख आहे की फक्त उपग्रहाचा, हे आधी बघावं.

ज्या उंचीवर माणूस पाठवता येत नाही, तिथे आता यंत्रं जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये सॅम वादळात बिनमाणसाची सेलड्रोन होडी शिरली. २०२२ मध्ये इयन वादळाच्या डोळ्यात नोआच्या विमानातून छोटं ड्रोन सोडलं गेलं. भिंतीच्या तळाशी, जिथे ह्यूगोनंतर कोणी गेलं नाही, तिथले आकडे असेच हळूहळू जमतील.

सेवेतल्या खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिली म्हणजे शंकू. तो मागच्या पाच वर्षांच्या चुकांवरून काढतात, आणि वादळाचं केंद्र शंकूच्या वर्तुळांत राहील अशी शक्यता दोन-तृतीयांश धरलेली असते. वादळ किती पसरलंय, पाऊस कुठे पडेल, वारा कुठवर जाईल, यातलं काही शंकू सांगत नाही. दरवर्षी लोक शंकूच्या रेषेबाहेर आपलं घर दिसलं की निर्धास्त होतात. २०२४ मध्ये प्रायोगिक नकाशात किनाऱ्यापासून आतल्या भागातले इशारेही रंगाने दाखवायला सुरुवात झाली. सुधारणा चांगली, पण गैरसमज पुसायला ती पुरेशी नाही. शंकूऐवजी ‘वारा-शक्यता’ नकाशा उघडावा. तुमच्या गावात ३४, ५० आणि ६४ नॉटचा वारा येण्याची टक्केवारी त्यात असते, आणि तीव्रतेतली अनिश्चितता आधीच मिसळलेली असते.

दुसरी तक्रार झोतांबद्दल. सर्वसाधारण बुलेटिनमध्ये फक्त ‘यापेक्षा जोरदार झोत’ एवढंच लिहितात. पण छप्पर उडतं आणि झाडं उन्मळतात ती झोतांनी. आकडा हवा असेल तर ‘फोरकास्ट ॲडव्हायजरी’ नावाचं नॉटमधलं, रुक्ष दिसणारं पान उघडायचं. त्यात प्रत्येक टप्प्यासाठी कमाल वारा आणि त्याच्यापुढे ‘गस्ट्स’चा आकडा असतो, बहुधा सरासरीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त. जमिनीवर खडबडीतपणा वाढल्याने सरासरी वारा झपाट्याने उतरतो, पण वरून खाली येणारे झोत तितके उतरत नाहीत. जुलै २०२४ मध्ये बेरिल टेक्सासला धडकलं ते पहिल्याच श्रेणीचं. तरी ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची अनेक दिवस. ‘फक्त पहिली श्रेणी’ हे शब्द ज्यांनी आधार म्हणून धरले, त्यांची फसगत झाली. बेरिल कोरडी हवा ओढून घेत मेक्सिकोच्या आखातात अडखळत होतं आणि किनारा जवळ आल्यावर शेवटच्या तासांत सावरलं. अशा चढाचा नेमका तास सांगणं आजही कोणाला जमत नाही.

आपल्याकडच्या सेवेशी तुलना करताना एक सावधगिरी हवी. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो, हरिकेन सेंटर एका मिनिटाची. खळबळीमुळे कमी वेळाची सरासरी नेहमीच जास्त येते. त्यात अरबी समुद्रात वादळाच्या आत विमान पाठवण्याची नियमित सोय नाही. तीव्रता मुख्यतः उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या आकारावरून, ड्वोराक पद्धतीने ठरते. किनाऱ्याजवळ आल्यावर रडार मदतीला येतं. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईसमोरून गेलं तेव्हा दिल्लीचा कमाल आकडा ताशी १८५ किलोमीटर होता आणि अमेरिकी नौदलाच्या केंद्राचा २२०. व्हॉट्सॲपवर ‘आपले लोक लपवतात’ असं फिरलं. लपवालपवी कसली? सरासरीचा काळ वेगळा आणि उपग्रहाची चित्रं वाचणारे हातही वेगळे. ‘एचडब्ल्यूआरएफ’ आपल्या विभागानेही वापरलं, पण ज्या विमानांच्या नोंदींवर ते घासून घेतलं त्या अटलांटिकच्या आहेत. त्यामुळे ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आलेल्या निसर्गासारख्या वादळात, किनाऱ्याला टेकण्याआधीच्या बारा तासांत, आकड्यापेक्षा इशाऱ्याचा रंग पाहणं शहाणपणाचं. दिल्लीचं बुलेटिन वादळ तयार झाल्यावर दर तीन तासांनी आणि धडकण्याच्या सुमारास तासाला येतं. या बाबतीत ते मायामीच्या तोडीस तोड आहे. कमी पडतं ते डिस्कशनसारखं मोकळं, सही केलेलं लिखाण.

फ्लोरिडात घर असणाऱ्यांसाठी या बुलेटिनचा आणखी एक, थेट खिशाशी जोडलेला उपयोग. तिथल्या घरविम्यात हरिकेनसाठी वेगळी स्वकपात (डिडक्टिबल, म्हणजे भरपाईआधी घरमालकाने स्वतः सोसायची रक्कम) असते, बहुधा ५०० डॉलर किंवा घराच्या विमा रकमेच्या २, ५ वा १० टक्के. ती लागू होते ती या केंद्राने राज्याच्या कुठल्याही भागासाठी हरिकेनची पूर्वसूचना किंवा इशारा काढल्यापासून, आणि शेवटची पूर्वसूचना किंवा इशारा उठल्यावर ७२ तासांपर्यंत राहते. तुमच्या अंगणात वारा किती होता, याने काही फरक पडत नाही. नुकसान त्या मुदतीच्या आत झालं की बाहेर, यावर हजारो डॉलरचा हिशेब फिरतो. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या बुलेटिनची प्रत, क्रमांक आणि वेळेसकट, उतरवून ठेवावी. जुनी बुलेटिनं केंद्राच्या संग्रहात वर्षवार मिळतात, त्यामुळे मागच्या हंगामाचा दावा अडला असेल तर तीही काढता येतील.